द्वारपालांचे प्रमुख पाहुणे

सभेतला प्रमुख पाहुणा ही काय चीज असते, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, ‘पाहुण्यांची ओळख करून देणे म्हणजे काजव्याने सूर्याची ओळख करून देण्यासारखे आहे’ हे ठरलेले वाक्य, मग पाहुण्यांचे ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ हे अभिवचन, आणि त्यानंतर पाऊण तास. कॉलेजात नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला असे पाच-सात पाहुणे दरसाल येतात. स्नेहसंमेलनाचे वेगळे, पारितोषिक-वितरणाचे वेगळे, मराठी भाषा गौरव दिनाचे आणखी वेगळे. त्यांतले काही खरोखरच चांगले बोलतात. पण पाहुण्यांची एक जात अशी आहे, की तिच्याशी आपला परिचय नाही. आणि तरीही आपल्यापैकी अनेकांच्या मुलाबाळांचे भवितव्य तिच्या बोलण्याशी जोडले गेलेले आहे. या खेपेस त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

मला हा विषय मिळाला तो एका नगरच्या घरामुळे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली काढलेल्या अहमदनगर कॉलेजात मी शिकत होतो, तेव्हा माझ्या बाकावर बसणारा मित्र तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घराण्यातला होता. त्याच्या आजीचे मराठी ऐकून मी मराठी हा विषय घेतला, असे म्हटले तरी चालेल. या मित्राची धाकटी बहीण गेली पंधरा वर्षे अमेरिकेत आहे. तिकडच्या एका लहानशा ख्रिस्ती कॉलेजाच्या प्रवेश-कचेरीत ती काम करते. नाताळला नगरला जाताना ती एक दिवस पुण्यात आमच्याकडे उतरते, आणि रात्री जेवणे झाल्यावर आमच्या गप्पा रंगतात. मला ती ‘दादा’ म्हणते आणि माझ्या प्रत्येक भाबड्या प्रश्नाला हसते.

माझा पहिला भाबडा प्रश्न असा होता, की प्रवेश देण्यासाठी एवढी मोठी कचेरी कशाला लागते? आमच्याकडे बारावीचा निकाल लागतो, गुणांची यादी फळ्यावर लागते (हल्ली पडद्यावर लागते), आणि दोन कारकून सगळे उरकतात. ती म्हणाली, “दादा, तुमच्याकडे मुलं दाराशी येतात. आमच्याकडे दारानं मुलांकडे जायचं असतं.”

आणि ते खरेच आहे. अमेरिकेत प्रवेश देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. या व्यवसायातली माणसे पानगळीच्या दिवसांत मोटारीत पत्रके भरून गावोगावच्या शाळा हिंडतात, कॉलेजांच्या जत्रांत टेबल मांडून बसतात, मुलांना पत्रे लिहितात, आईबापांशी फोनवर बोलतात, अर्ज वाचतात, शिष्यवृत्तीचा हिशेब करतात आणि ऑगस्टात मूल वसतिगृहात सामान उतरवीपर्यंत त्याच्या मागे असतात. त्यांतही ख्रिस्ती कॉलेजांच्या प्रवेश-सेवकांची आपली वेगळी संघटना आहे. ‘नॉर्थ अमेरिकन कोॲलिशन फॉर ख्रिश्चन ॲडमिशन्स प्रोफेशनल्स’ असे तिचे लांबलचक नाव. ती ठिकठिकाणी ख्रिस्ती कॉलेजांच्या जत्रा भरवते आणि वर्षाकाठी परिषदही घेते. याखेरीज प्रांतोप्रांतीचे लहान मेळावे होतात ते निराळेच. थोडक्यात, ज्यांनी कॉलेजाचे दार सांभाळायचे त्या द्वारपालांची ही संमेलने. आणि संमेलन म्हटले की प्रमुख पाहुणे आलेच!

आमच्या या भगिनीने दहा-बारा मेळावे पाहिले आहेत. तिच्या सांगण्यावरून या पाहुण्यांचे मी आपले तीन वर्ग केले आहेत. पहिला आकडेवाला, दुसरा नरसाळेवाला आणि तिसरा पाचारणवाला.

आकडेवाला पाहुणा येतो तो पडद्यावर एक आलेख घेऊन. आलेख वर चढतो, माथ्यावर क्षणभर थांबतो आणि मग घसरू लागतो. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख १६ हजार मुले जन्मली. त्या देशाच्या इतिहासातला तो उच्चांक होता. पुढच्याच वर्षी आर्थिक मंदी आली आणि पाळणे कमी हलू लागले. २०२३ साली हा आकडा ३६ लाखांच्याही खाली आला. २००७ साली जन्मलेले मूल अठराव्या वर्षी, म्हणजे २०२५ साली कॉलेजाच्या उंबऱ्याशी येते. पश्चिमेकडील राज्यांच्या एका उच्चशिक्षण-आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘नॉकिंग ॲट द कॉलेज डोअर’ या मालेतला आपला अहवाल काढला. त्यात शाळा पुरी करणाऱ्या मुलांची संख्या २०२५ मध्ये सुमारे ३९ लाखांच्या शिखरावर जाईल आणि २०४१ पर्यंत सुमारे ३४ लाखांवर उतरेल, असा अंदाज केला आहे. ‘कॉलेजाच्या दारावरची थाप’ हे नाव मला फार आवडले. थाप पडणार, पण पूर्वीपेक्षा कमी. आकडेवाल्याचे भाषण संपले की टाळ्या पडतात. पण त्या टाळ्या वैद्याने नाडी पाहून मान हलवावी आणि आपण त्याला ‘उपकार झाले’ म्हणावे, तशा असतात.

दुसरा पाहुणा नरसाळेवाला. हा शब्द माझा नव्हे. त्या धंद्यात खरोखरच ‘फनेल’ म्हणतात. वरच्या रुंद तोंडातून हजारो मुलांची नावे ओतायची. ही नावे विकतही मिळतात. एस. ए. टी. परीक्षा घेणारे कॉलेज बोर्ड १९७२ पासून मुलांची नावे आणि पत्ते कॉलेजांना पुरवत आले आहे. त्यांतली काही मुले चौकशी करतात, काही अर्ज करतात, काहींना प्रवेश मिळतो, आणि नरसाळ्याच्या खालच्या बारीक नळीतून शेवटी थोडी मुले प्रत्यक्ष वर्गात पडतात. वसंतात ‘येतो’ म्हणून सांगितलेले मूल ऑगस्टात आलेच नाही, तर त्याला ‘समर मेल्ट’ म्हणतात, म्हणजे उन्हाने वितळले! नरसाळेवाला पाहुणा सल्लागार-कंपनीतून आलेला असतो. मुलाला कोणत्या दिवशी कोणता निरोप पाठवावा, आईला वेगळा आणि बापाला वेगळा काय लिहावा, किती डॉलरांची शिष्यवृत्ती देऊ केली म्हणजे मूल हलते, हे तो सांगतो. तिथल्या खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीमध्ये सरासरीने निम्म्याहून अधिक सूट मिळते. म्हणजे पाटीवरची किंमत जवळजवळ कोणीच देत नाही. आपल्या लक्ष्मी रोडवर दिवाळीत ज्या पाट्या लागतात त्यांचीच ही मोठी बहीण. फरक एवढाच, की तिथे सवलतीला ‘गुणवत्ता-शिष्यवृत्ती’ म्हणतात आणि आजी ती पेढे वाटून साजरी करते.

तिसरा पाहुणा पाचारणवाला. हा कोणी धर्मोपदेशक असतो, किंवा एखाद्या कॉलेजाचा अध्यक्ष. ‘तुम्ही केवळ नोकरी करीत नाही, या कामासाठी देवाने तुम्हाला बोलावले आहे,’ असा त्याच्या बोलण्याचा आशय. इंग्रजीत ते ‘कॉलिंग’ म्हणतात. आमची भगिनी मात्र नगरच्या चर्चमध्ये वाढलेली. ती ‘पाचारण’ म्हणते. मराठी ख्रिस्ती समाजाने हा शब्द किती गोड सांभाळला आहे! ती म्हणाली, “दादा, सकाळच्या भाषणात पाचारण असतं आणि दुपारच्या भाषणात नरसाळं. दोन्ही खरी. संध्याकाळी खोलीवर गेलं की कळत नाही, उद्या मुलीशी बोलताना यातलं कोणतं तोंड उघडायचं.”

हे तिने हसत सांगितले, पण त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. लहान ख्रिस्ती कॉलेजांची कमाई मुख्यतः फीवर चालते. मुले आली नाहीत तर पगार नाहीत. न्यूयॉर्कमधली अलायन्स युनिव्हर्सिटी, जिचे मूळ १८८२ सालचे, ती २०२३ साली बंद झाली. त्याच शहरातल्या किंग्ज कॉलेजाने २०२३ मध्ये वर्ग थांबवले आणि २०२५ मध्ये कायमचे दार लावून घेतले. अलाबामातले बर्मिंगहॅम-सदर्न हे मेथडिस्ट पंथाशी जोडलेले १८५६ सालचे कॉलेज ३१ मे २०२४ रोजी बंद झाले. त्याच दिवशी त्या कॉलेजाचा बेसबॉलचा संघ ओहायोमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. छातीवर कॉलेजाचे नाव, आणि ते कॉलेज त्या दिवसापुरतेच! ज्या माणसांनी त्या पोरांना तिथे आणले, त्यांच्या मनाचे त्या दिवशी काय झाले असेल?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या भगिनीला एका मेळाव्यातच मिळाले. त्या वर्षी नेहमीच्या तीन पाहुण्यांबरोबर एका विद्यार्थिनीलाही बोलायला बोलावले होते. तिचे कॉलेज ती तिसऱ्या वर्षाला असताना बंद पडले होते. ती दहाच मिनिटे बोलली. रागावली नाही, रडलीही नाही. कॉलेजे बंद पडतात हे मी समजू शकते, असे ती म्हणाली. पण ज्यांनी मला आग्रहाने आणले त्यांना मी विचारले, तुम्हाला हे ठाऊक होते का? त्यांनी सांगितले, की आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. मग माझ्या मनात आले, ज्याला घराची भिंत पडकी आहे की धड हे ठाऊक नाही, त्याला दाराशी उभे करून ‘या, बसा’ म्हणायला कोणी लावले? एवढे बोलून ती खाली बसली. अध्यक्षांनी ‘कुणाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटले. साऱ्या सभागृहात एकही हात वर झाला नाही.

मला वाटते, त्या परिषदेतले खरे भाषण ते होते. आकडेवाला काय होणार ते सांगतो, नरसाळेवाला काय करावे ते सांगतो, पाचारणवाला का करावे ते सांगतो. आत येऊन काय मिळाले, हे सांगू शकतो तो फक्त त्या दारातून आत गेलेला माणूस. आणि नेमके त्यालाच क्वचित बोलावतात!

अमेरिकेत धर्म, कॉलेज आणि पाहुण्याचे भाषण या तिघांचे नाते फार जुने आहे. फिलाडेल्फियात रसेल कॉनवेल नावाचे एक बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. त्यांचे ‘एकर्स ऑफ डायमंड्स’ हे एकच व्याख्यान त्यांनी सहा हजारांहून अधिक वेळा दिले. हिऱ्यांच्या शोधात जगभर भटकणाऱ्याच्या परसातच हिरे होते, अशी त्यातली गोष्ट. आपल्याकडे एखादा वक्ता तेच भाषण तिसऱ्या गावी करू लागला तर आपण कुजबुजतो. या गृहस्थांनी ते सहा हजार गावी केले आणि त्याच्या मानधनातून गरीब मुलांना शिकवले. १८८४ साली एका होतकरू तरुणाने त्यांना गाठून सांगितले, की मला शिकायचे आहे पण पैसा नाही. कॉनवेल त्याला आणि त्याच्या सोबत्यांना रात्री शिकवू लागले. त्या रात्रीच्या वर्गातूनच आजचे टेंपल विद्यापीठ उभे राहिले. प्रवेश-कचेरी नव्हती, नरसाळे नव्हते. एक मुलगा होता आणि एक दार होते.

आणि गंमत पाहा, त्याच शहरात, त्याच वर्षी, आपली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकत होती! तिच्या प्रवेशाची कथा आपण शाळेपासून ऐकतो, पण द्वारपालांच्या बाजूने ती कधी वाचत नाही. १८७८ साली कोल्हापुरात पोस्टात असलेल्या गोपाळरावांनी तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र दिले: पत्नीला शिकवायचे आहे, अमेरिकेत काही सोय होईल का? ते पत्र ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापून आले आणि त्यासोबत संपादक रेव्हरंड वाइल्डर यांचे उत्तरही. उत्तराचा रोख असा, की आधी ख्रिस्ताला माना. हा झाला पहिला द्वारपाल. मासिकाचा तो जुना अंक १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना वाचला, आणि त्यांनी अट न घालता घर देऊ केले. हा दुसरा. तिसरा द्वारपाल म्हणजे क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने १८५० साली निघालेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडली. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसत नाही हे आनंदीबाईने आपल्या अर्जातच लिहिले होते. बॉडलीबाईंनी तिला घेतले. ११ मार्च १८८६ रोजी ती पदवीधर झाली.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दिवस त्याआधीचा, २४ फेब्रुवारी १८८३. गोपाळराव तेव्हा बंगालात श्रीरामपूरला होते. तिथल्या कॉलेजाच्या सभागृहात आनंदीबाईने इंग्रजीत भाषण केले. कॉलेज कोणाचे? १८१८ साली विल्यम कॅरी आणि त्यांच्या बॅप्टिस्ट सहकाऱ्यांनी काढलेले. म्हणजे ख्रिस्ती कॉलेजाच्या व्यासपीठावर अठरा वर्षेही पुरी न झालेली एक मराठी मुलगी पाहुणी म्हणून उभी राहिली आणि मी अमेरिकेस का जाते, हे तिने लोकांच्या एकेका शंकेचे उत्तर देत सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितले. बॅप्टिस्टांच्या त्या सभागृहाने ते ऐकून घेतले. ऐकणाऱ्यांचाही मोठेपणा त्यात आहे, हे आपण विसरू नये.

दाराशी धर्माचे काय बोलावे, हा प्रश्न पुढे आपल्याच अंगणात आला. आनंदीबाईच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियास गेल्या आणि मग जवळजवळ तीन वर्षे अमेरिकाभर व्याख्याने देत हिंडल्या. परिषदांतला नवा पाहुणा जे कंपनीच्या पैशाने करतो, ते या बाईंनी विधवांसाठी केले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ निघाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. या सदनात धर्माची सक्ती नाही, असे आरंभीच जाहीर केले होते. चार वर्षांत वाद झाला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांतल्या काही ख्रिस्ती धर्माकडे झुकतात, असे आक्षेप निघाले. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. दार मोकळे ठेवले, कोणी मनाने आत आले तर मी काय करू, ही रमाबाईंची बाजू होती. दारावर जे लिहिले ते आत दिसत नाही, ही पालकांची. आज सव्वाशे वर्षांनंतरही दोन्ही बाजू वाचताना मन हेलकावे खाते.

आजच्या अमेरिकन ख्रिस्ती कॉलेजांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात विद्यार्थ्याला आचरणाच्या करारावर सही करावी लागते. दारू-तंबाखू पदवीच्या मुलांना वर्ज्य. २००३ सालापर्यंत तिथे नाचालाही बंदी होती. उलट मिशिगनमधले कॅल्व्हिन विद्यापीठ आपण ख्रिस्ती असल्याचे ठासून सांगते, पण मुलाने ख्रिस्ती असावे अशी अट घालत नाही. दोन्ही रीती सरळ आहेत, कारण दोन्ही आधी सांगितलेल्या आहेत. भांडण होते ते न सांगितलेल्या गोष्टीवरून. आमची भगिनी म्हणते, की मुले कमी झाली की ही पाटी हळूच पुसट करण्याचा मोह कॉलेजांना होतो. श्रद्धाळू घराला ती ठळक दाखवायची, बाकीच्यांना फिकट!

आता यात आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो कायद्याच्या एका पोटकलमातून आला आहे. अमेरिकेत १९९२ सालापासून असा कायदा आहे, की सरकारी विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या कॉलेजाने प्रवेशाचे काम करणाऱ्याला मुलामागे दलाली देऊ नये. किती मुले आणलीस यावर पगार ठरला, तर खरे कोण बोलणार? फार शहाणा कायदा. पण त्याला एक अपवाद ठेवला: परदेशात राहणाऱ्या आणि सरकारी साहाय्यास पात्र नसलेल्या परदेशी मुलांना हा नियम लागू नाही. प्रवेश-व्यावसायिकांच्या तिथल्या सर्वांत मोठ्या संघटनेनेही २०१३ साली परदेशातल्या दलालांना वाट मोकळी करून दिली. म्हणजे ओहायोतल्या मुलाला जे संरक्षण, ते औरंगाबादच्या वा सांगलीच्या मुलाला नाही. आणि आपली मुले थोडीथोडकी नाहीत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकले.

म्हणून तो पाहुणा आता पुण्यातही येतो. गेल्या वर्षी माझ्या मेहुण्यांबरोबर मी एका हॉटेलातल्या अशा रविवारच्या सभेला गेलो होतो. गार हवा, प्रत्येकाच्या खुर्चीवर एक पिशवी, पिशवीत पेन आणि रंगीत पुस्तिका. पाहुणे सुटाबुटातले, विनयशील, बोलण्यात वाकबगार. पडद्यावर हिरवळ, कारंजे आणि हसरी मुले. माझ्या शेजारी सोलापूरकडचे एक शेतकी खात्यातले गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. त्यांनी वहीत पहिल्या पानावर फ्लॅटच्या कर्जाचा हिशेब लिहिला होता. भाषण संपल्यावर त्यांनी उठून अगदी साधा प्रश्न विचारला, “साहेब, आमची मुलगी तिथं गेली तर तुम्हाला काय मिळतं?” सभेत थोडे हशाचे आवाज आले. पाहुण्यांनी ‘समाधान’ असे उत्तर दिले आणि पुढचा प्रश्न घेतला. बाप खाली बसले. मुलीने त्यांच्या वहीचे पान हळूच मिटले. माझ्या मते त्या खोलीत विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता.

हे लिहिताना मी स्वतः फार अलिप्त आहे असे कोणी समजू नये. आमच्याही वर्गांना हल्ली गळती लागली आहे. मराठी विशेष घेणारी मुले कमी झाली, की तासिका कमी होतात आणि तासिका कमी झाल्या की माणसे. म्हणून दर फेब्रुवारीत आम्ही प्राध्यापक मंडळी आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जातो, बारावीच्या मुलांपुढे बोलतो. म्हणजे मीही पाहुणाच! यंदा एका मुलाने विचारले, “सर, मराठी घेतलं तर पुढं काय?” मागे आमच्या विभागप्रमुख बाई उभ्या होत्या आणि माझ्या खिशात किती मुले हवीत त्याचा आकडा होता. मी त्याला सांगितले, की शिक्षकाच्या जागा थोड्या आहेत, भाषांतर आणि वृत्तपत्रांत काम आहे पण पगार बेताचा. स्पर्धा-परीक्षेला उपयोग होतो. आणि वाचायची मनापासून आवड नसेल तर हा विषय घेऊ नकोस. तो विचारात पडला. बाई परतीच्या वाटेवर काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये तो मुलगा वाणिज्य शाखेला गेला. त्याच्या वर्गातल्या दोन मुली मात्र आमच्याकडे आल्या, आणि ‘त्या दिवशी तुम्ही खरं बोललात म्हणून आलो’ असे काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना घराजवळचे कॉलेज हवे होते.

तेव्हा खरे बोलले की मुले धावत येतात, असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. येतील किंवा न येतील. पण आलेले मूल तिसऱ्या वर्षी व्यासपीठावर उभे राहून आपल्याला प्रश्न विचारील, तेव्हा खाली बघावे लागणार नाही, इतका लाभ त्यात आहे. द्वारपालांच्या परिषदेला मला कोणी बोलावील असे नाही. बोलावलेच, तर मी माझी वेळ दोघांना देईन: शिक्षण पुरे करून गेलेल्या एका मुलाला आणि अर्धवट सोडून गेलेल्या एका मुलाला. मानधनही त्यांनाच द्यावे, म्हणजे कॉनवेलसाहेबांच्या रीतीला धरून होईल.

दिवाळी संपली की लगोलग परदेशी शिक्षणाच्या रविवारच्या सभा सुरू होतात. ज्या वाचकांच्या घरी बारावीचे वा पदवीचे मूल आहे, त्यांनी पिशवी आणि पेन खुशाल घ्यावे. पण सोबत चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. तुमचे पैसे कोण देते, आणि ते मुलामागे मिळतात का? पहिल्या वर्षी दिलेली सवलत चौथ्या वर्षीही राहते का? आत गेलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात? आणि तुमच्या कॉलेजाचा जो काही धर्म, पंथ वा नियम असेल, तो आमच्या मुलीला पाळावा लागेल का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पाहुण्यांवर विसंबण्याचेही कारण नाही. अमेरिकेच्या शिक्षण-खात्याने २०१५ पासून ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाची तालिका सर्वांना खुली ठेवली आहे. कॉलेजाचे नाव घातले की आकडा दिसतो, आणि त्याला एक पैसाही पडत नाही. मात्र पहिला प्रश्न मोठ्याने, उभे राहून विचारावा. शेजारी कोणी हसले तर हसू द्यावे.